गावातल्या एलटी लाईनला एबी केबल ओढताय? मग जोड, क्लॅम्प आणि न्यूट्रल आधी समजून घ्या

गावोगाव एलटीच्या, म्हणजे घरांना वीज देणाऱ्या कमी दाबाच्या लाईनच्या, उघड्या तारा उतरवून काळी पीळदार केबल, म्हणजे एबी (एरियल बंच्ड) केबल, चढवायचं काम जोरात चाललंय, २०२१ पासून केंद्राच्या आरडीएसएस (वीज वितरण सुधारणेच्या) योजनेतून त्याला पैसाही मिळतोय, आणि त्यामुळं आयटीआय करून नुकतेच परवाना मिळालेले वायरमन, छोटे ठेकेदार, त्यांच्याकडची पोरं अशा कामावर पहिल्यांदाच जातायत. त्यांच्यासाठी लिहितोय. ग्रामपंचायतीत किंवा सोसायटीत जे लोक हे काम उभं राहून बघतात त्यांनाही उपयोग होईल, म्हणजे ठेकेदाराला नेमकं काय विचारायचं ते कळेल.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. एबी केबल स्वतःहून सहसा खराब होत नाही. खराब होतो तो जोड, घसरतो तो क्लॅम्प, सुटतो तो न्यूट्रल. केबल आयएसआय मार्कची, कंपनी नावाजलेली, सगळं चांगलं असतं आणि तरी दुसऱ्या पावसाळ्यात पोलावर धूर निघतो, मग लोक म्हणतात केबलच बेकार. नव्वद टक्के लक्ष केबलवर आणि दहा टक्के फिटिंगवर अशी आपली सवय झालीय ती उलटी करायची आहे.

आणि हो, ही लाईन महावितरणची असते. परवाना, परमिट आणि शाखेच्या इंजिनिअरची लेखी परवानगी नसताना कोणीही पोलावर चढायचं नाही, कितीही ओळख असली तरी.

केबल आधी हातात घेऊन बघा

एलटीच्या एबी केबलचं स्टँडर्ड आहे आयएस १४२५५, ते ११०० व्होल्टपर्यंतच्या केबलसाठी आहे. ड्रमवर ३×५०+१×३५+१×१६ असं काहीतरी लिहिलेलं असतं. यातले तीन ५० चे फेज, ३५ चा मेसेंजर म्हणजे वजन पेलणारा आणि न्यूट्रलचंही काम करणारा, आणि १६ चा स्ट्रीटलाईटचा. काही कंपन्या १६ आधी लिहितात आणि ३५ नंतर, त्यामुळं आकड्यांच्या क्रमावर जाऊ नका, केबलच बघा.

फेजचं कंडक्टर अॅल्युमिनियमचं आणि वर एक्सएलपीईचं (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचं) काळं आवरण. काळं का, तर त्यात कार्बन ब्लॅक असतं आणि त्यामुळं उन्हानं आवरण तडकत नाही. एक्सएलपीई कायम ९० अंश तापमान सोसतं, आणि शॉर्ट सर्किटच्या त्या क्षणभरात २५० अंशांपर्यंत. मेसेंजर मात्र अॅल्युमिनियम अलॉयचा असतो, तो जास्त ताकदवान पण करंट वाहून न्यायला शुद्ध अॅल्युमिनियमपेक्षा थोडा कमी. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी मेसेंजर उघडाच येतो, काही ठिकाणी आवरणाचा.

आता तिन्ही फेज काळेच दिसतात, मग ओळखायचे कसे? आवरणावर लांबीभर उभ्या रेघा उठलेल्या असतात, एका कोरवर एक, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन, आणि स्ट्रीटलाईटच्या कोरवर एकही नाही. अंगठा फिरवला की लागतात. पोलावर चढण्याआधी खालीच ठरवून टाका की एक रेघ म्हणजे आर (रेड) फेज, दोन म्हणजे वाय (यलो), तीन म्हणजे बी (ब्लू), आणि पूर्ण लाईनभर तेच ठेवा. प्रत्येक पोलावर वेगळा माणूस वेगळं ठरवतो आणि मग शेवटच्या पोलावर गिरणीची मोटर उलटी फिरते, हे फार होतं.

एक धोक्याची गोष्ट इथंच सांगून टाकतो. ११ केव्हीच्या लाईनवरही हल्ली कोटेड कंडक्टर टाकतात, तोही काळा दिसतो. ते आवरण फांदी लागली तर लाईन ट्रिप होऊ नये म्हणून असतं, माणसानं हात लावण्यासाठी नाही. कोटेड कंडक्टरला हात लागला तर माणूस जातो. काळं दिसलं म्हणजे सुरक्षित असं डोक्यातूनच काढून टाका. एलटीच्या एबी केबललासुद्धा चालू असताना उघड्या हातानं धरायचं नाही, कारण कुठल्या पोलावर कुठं खरचटलंय हे खालून दिसत नाही.

साईज कशी ठरवायची

साईज बहुतेक वेळा एस्टिमेटमध्ये ठरलेली येते, पण एकदा स्वतः हिशोब करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

१०० केव्हीएच्या डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, ४३३ व्होल्टला फुल लोड करंट येतो १३३ अँपिअर, ६३ केव्हीएचा ८४, २०० केव्हीएचा २६७. समजा एका सर्किटवर ६० अँपिअर जाणार आहे आणि सगळा लोड ३०० मीटरवरच्या वस्तीत आहे. ५० स्क्वेअर एमएम अॅल्युमिनियमचा रेझिस्टन्स किलोमीटरला ०.६४१ ओहम. म्हणजे ३०० मीटरला ०.१९२, गुणिले ६०, झाले साडेअकरा व्होल्ट ड्रॉप, तोही २० अंश तापमानाला. केबल तापली की रेझिस्टन्स वाढतो, मग हा आकडा १४ च्या आसपास जातो. एलटीला ६ टक्के वर-खाली ही मर्यादा धरतात, २३० चे ६ टक्के म्हणजे जेमतेम १४. म्हणजे ५० ची केबल अगदी काठावर आली. तिथं ३५ ची टाकली तर थंड असतानाच साडेपंधरा व्होल्ट जातात, १६ ची टाकली तर ३४ व्होल्ट, आणि मग वस्तीतले लोक म्हणतात फ्रिज चालत नाही, टीव्ही बंद पडतो. ७० ची टाकली तर आठ व्होल्टमध्ये काम होतं. पुढं वस्ती वाढणारच आहे हे दिसत असेल तर ७० साठी आग्रह धरा.

केबलच्या बाजूनं एक चांगली गोष्ट अशी की कोर एकमेकांना चिकटून असल्यामुळं रिअॅक्टन्स (एसी करंटला होणारा जास्तीचा अडथळा) खूप कमी, उघड्या लाईनच्या साधारण एक तृतीयांश, त्यामुळं मोटर लोडला व्होल्टेज जरा बरं मिळतं. पण चिकटून असल्यामुळंच उष्णता बाहेर पडायला जागा कमी. उघडी तार ओव्हरलोड झाली की झोल वाढतो, वारं लागून थंड होते, पुन्हा चालते. एबी केबलचं आवरण मात्र आतून भाजत जातं आणि ते परत येत नाही. म्हणून डीपीच्या बॉक्समध्ये किटकॅटला (तार बांधायच्या फ्यूजला) दोन-तीन पदरी जाड तार बांधायची जी सवय आहे ती एबी केबलच्या सर्किटला अजिबात चालणार नाही. केबलच्या डेटाशीटमध्ये करंट दिलेला असतो, त्याच्या आतला फ्यूज किंवा एमसीसीबी म्हणजे ब्रेकर हवा. हे एकच पाळलं तरी केबलचं आयुष्य कित्येक वर्षांनी वाढतं.

काम सुरू करायच्या आधीचं शटडाऊन

यावर मी जास्त लिहिणार आहे कारण माणसं इथंच जातात.

जुन्या उघड्या लाईनवर काम करताना आपण काय करतो, परमिट घेतो, एबी स्विच (इथं एबी म्हणजे एअर ब्रेक, केबलशी संबंध नाही) उघडतो, कुलूप लावतो, डिस्चार्ज रॉड लावतो आणि कामाच्या दोन्ही बाजूंना तारा शॉर्ट करून अर्थ करतो. एबी केबलवर शेवटचं काम होतच नाही! आवरण आहे, शॉर्टिंगची साखळी टाकली तरी आतल्या कंडक्टरला टेकतच नाही. आणि पोरं समजतात की अर्थ केलंय. म्हणून केबलच्या लाईनला शॉर्ट आणि अर्थ डीपीच्या बॉक्समध्ये करायचं, आणि दुसऱ्या टोकाला जिथं पोल बॉक्स (घरांच्या जोडण्या जिथून निघतात तो) आहे तिथं त्याच्या बसबारवर करायचं. मधल्या पोलावर जिथं कामच करायचंय तिथं अर्थिंगसाठी मिळणारे खास पिअर्सिंग (आवरण फोडून आतल्या तारेला भिडणारे) कनेक्टर आधीच बसवून ठेवता येतात, नवीन लाईन टाकताना दोन-तीन ठिकाणी ते बसवून घ्या, पुढं लाईनमनला फार सोपं जातं.

करंट फक्त डीपीकडूनच येतो असंही धरू नका. दोन डीपींची लाईन जिथं मिळते तो पोल शोधा, तिथला जंपर (दोन लाईनी जोडणारी तार) खरंच उघडा आहे का डोळ्यांनी बघा. कुणाच्या घरी, हॉटेलात, लग्नाच्या हॉलमध्ये जनरेटर असतो आणि चेंजओव्हर नसतो, नुसतं मेन चालू करून जनरेटर जोडलेला, त्याचा रिटर्न सरळ लाईनवर येतो. स्वस्तात बसवलेल्या इन्व्हर्टरचंही तसंच. वस्तीत फिरून सांगा की काम चालू आहे, मेन बंद ठेवा, आणि सांगितलं तरी विश्वास ठेवू नका, टेस्ट करा.

टेस्ट करताना पेनासारखा जो नुसता जवळ नेला की पेटतो तो टेस्टर पुरेसा नाही. त्याच पोलावर वर ११ केव्ही जात असेल तर इंडक्शननं तो उगाच पेटतो, आणि सेल उतरला असेल तर जिवंत लाईनवरही पेटत नाही, दुसरं जास्त वाईट. दोन बल्ब सिरीजमध्ये लावलेला टेस्ट लॅम्प घ्या, दोन अशासाठी की फेज टू फेज ४०० व्होल्टला एक बल्ब फुटतो. आधी चालू लाईनवर लावून तो पेटतोय का बघा, मग बंद लाईनवर लावा, मग परत चालू लाईनवर. काढलेले किटकॅट डीपीच्या बॉक्समध्ये ठेवून यायचे नाहीत, परमिट ज्याच्या नावावर आहे त्याच्या खिशात राहिले पाहिजेत.

हेल्मेट, हॅन्डग्लोव्ज, सेफ्टी बेल्ट हे सांगावं लागू नये पण सांगतो, कारण ठेकेदार घाईत असतो आणि पोर नवीन असतं आणि नाही म्हणायला लाजतं. नाही म्हणा.

पोल आणि फिटिंग

जुन्या पोलावरच केबल टाकायची असेल तर आधी पोल तपासा. केबलचा सगळा ताण एकाच हुकावर येतो, पूर्वी चार-पाच तारांचा ताण क्रॉसआर्मवर वाटला जायचा. गंजून पातळ झालेला लोखंडी पोल, बुडाशी तडा गेलेला पीएससी (सिमेंटचा) पोल बदलायलाच हवा. सुरुवातीच्या, शेवटच्या आणि वळणाच्या पोलाला स्टे (जमिनीत ताणून बांधलेली तार) पाहिजेच.

डेड एंड क्लॅम्प, ज्याला कोणी अँकर क्लॅम्प म्हणतात, तो लाईनच्या दोन्ही टोकांना आणि मोठ्या वळणावर. सरळ लाईनवर आणि साधारण ३० अंशांपर्यंतच्या वळणावर सस्पेन्शन क्लॅम्प चालतो. त्याहून जास्त वळण असेल तर दोन डेड एंड समोरासमोर आणि मध्ये केबलचा सैल लूप. दोन्ही क्लॅम्पमध्ये फक्त मेसेंजर धरायचा, फेजचे कोर मोकळे राहिले पाहिजेत. फेजसकट सगळा बंच क्लॅम्पमध्ये कोंबलेला मी बघितलाय, मग वाऱ्यानं केबल हलते तसतसं आवरण घासत जातं.

मेसेंजर बाजूला करायला कोरच्या मध्ये लाकडी किंवा प्लास्टिकची पाचर घाला. स्क्रू ड्रायव्हर, पक्कडचं टोक, सळई काही नको! त्यानं पडलेली बारीक चीर पावसाळ्यापर्यंत कुणाला दिसत नाही. आय हुक पोलाला बोल्टनं किंवा स्टेनलेस स्टीलच्या पट्टीनं बसवायचा, जीआय वायर गुंडाळून नाही. कोकणात, किनाऱ्यालगत तर जीआयची पट्टी काही वर्षांत गंजते, तिथं स्टेनलेस स्टीलशिवाय दुसरं काही घेऊच नका.

केबल ओढणं आणि झोल

ड्रम जॅकवर घ्या, बाणाच्या दिशेनं फिरवा आणि ब्रेकसाठी फळी लावा. केबल जमिनीवरून फरफटत न्यायची नाही, मुरूम आणि काचा आवरणाला किती लागतात ते हात फिरवून बघा म्हणजे कळेल. प्रत्येक पोलाला पुली, पुलीतून आधी नायलॉनचा दोर, आणि दोराला केबल जाळीच्या ग्रिपनं आणि मध्ये स्विव्हल लावून, म्हणजे पीळ चढत नाही. प्रत्येक पोलाजवळ एक माणूस उभा पाहिजे, आणि ड्रमवाल्याशी ओढणाऱ्याचं बोलणं चालू पाहिजे. कापलेल्या टोकाला लगेच एंड कॅप, नुसती टेप नाही. पाणी एकदा तारांच्या मध्ये शिरलं की आतल्या आत पुढं सरकतं आणि लांबच्या जोडाला जाऊन पांढरी पूड तयार करतं.

झोल हा अंदाजानं ठेवायचा विषय नाही. साधा हिशोब आहे, मीटरचं वजन गुणिले स्पॅनचा (दोन पोलांमधल्या अंतराचा) वर्ग, भागिले आठ पट ताण. वर सांगितलेली ५० ची केबल मीटरला साधारण पाऊण किलो भरते. स्पॅन ४० मीटर आणि ताण २०० किलो ठेवला तर झोल पाऊण मीटर. तोच ताण ठेवून स्पॅन ५० मीटर केला तर झोल जवळजवळ १.१७ मीटर! दहा मीटरनं इतका फरक पडतो. ताण मोजायला डायनमोमीटर लावा, किंवा दोन्ही पोलांवर हिशोबाच्या झोलाएवढं अंतर खाली खूण करून नजरेनं जुळवा, ही जुनी पद्धत आहे आणि ती चालते. उन्हाळ्याच्या भर दुपारी केबल ताठ ओढली तर थंडीत ती आकसते आणि पोलावर ताण चढतो. थंडीत ओढली आणि सैल दिसू नये म्हणून कमी झोल ठेवला तरी मे महिन्यात ती खाली येतेच, म्हणून त्या दिवसाच्या तापमानाचा झोल टेबलमधून काढा.

उंची किती? रस्ता ओलांडताना जमिनीपासून किमान ५.८ मीटर, रस्त्याकडेनं ५.५ मीटर, आणि इतर जागी उघड्या तारेला ४.६ तर इन्सुलेटेड केबलला ४ मीटर. पण हे किमान आहे, उन्हाळ्यातल्या सगळ्यात जास्त झोलाला मोजायचं. उसाची ट्रॉली, कडब्याचा ट्रक, गणपतीच्या मिरवणुकीची गाडी ज्या रस्त्यानं जाते तिथं किमानच्या वर अर्धा मीटर तरी जास्त ठेवा.

कनेक्टर, म्हणजे सगळ्या कामाचा जीव

सर्व्हिस, म्हणजे घराची जोडणी, काढायला पिअर्सिंग कनेक्टर वापरतात, आयपीसी. त्याचे दात आवरण फोडून कंडक्टरला भिडतात आणि भोवतीच्या ग्रीस आणि रबरामुळं पाणी आत जात नाही. चांगल्या कनेक्टरची चाचणी पाण्यात बुडवून एक मिनिट ६ केव्ही लावून करतात, त्यावरून समजा की तो नीट बसला तर किती पक्का असतो.

आवरण सोलायचं नाही, कनेक्टरचं सगळं कौशल्य न सोलण्यातच आहे. कनेक्टरवर मेन आणि टॅपची साईज छापलेली असते, ती रेंज जुळली पाहिजे. मोठ्या रेंजच्या कनेक्टरमध्ये बारीक सर्व्हिस वायर घातली तर दात पोचतच नाहीत, दुहेरी करून घातली तर एकच वायर पकडली जाते. टॅपची वायर पूर्ण आत, टोपीला टेकेपर्यंत. मग रिंग पान्यानं बोल्ट फिरवायचा, ठराविक ताकदीला त्याचं वरचं डोकं तुटून पडतं, तिथं थांबायचं. ते डोकं म्हणजेच टॉर्क मोजायचं साधन आहे. पक्कडीनं वेडंवाकडं फिरवलं की ते लवकर तुटतं आणि दात अर्धवट राहतात. खाली जे दुसरं डोकं उरतं ते फक्त कनेक्टर काढण्यासाठी, त्यानं अजून थोडं आवळू असं करायचं नाही, तारांचे पदर तुटतात.

काढलेला कनेक्टर परत वापरायचा नाही. कितीही नवीन दिसला तरी नाही, आणि केबलवर जिथं जुने दात लागले होते ते भोक तसंच उघडं सोडायचं नाही, त्यावर योग्य इन्सुलेशनचं रिपेअर स्लीव्ह घाला.

उघड्या मेसेंजरसाठी वेगळा कनेक्टर येतो, एका बाजूनं उघड्या तारेला आणि दुसऱ्या बाजूनं आवरणाच्या वायरला. फेजचाच कनेक्टर न्यूट्रलला लावून टाकतात, तो काही महिने चालतो आणि मग काळा पडतो. उघड्या तारेवर आधी वायर ब्रश मारा, पेस्ट लावा, मग कनेक्टर. जोडताना न्यूट्रल पहिला, काढताना न्यूट्रल शेवटी, आणि ग्राहकाचं मेन बंद असताना, म्हणजे जोडाला लोड नसताना.

दोन-चार सर्व्हिस असतील तर कनेक्टर एकमेकांवर न चढवता एक-एक विताच्या अंतरावर बसवा, आणि जास्त घरं असतील तर सरळ पोल बॉक्स लावा. सर्व्हिस वायर घराकडं जाण्याआधी खाली एक वळसा सोडा, म्हणजे पावसाचं पाणी त्या वळशातून ठिबकतं, कनेक्टरमध्ये किंवा मीटरमध्ये उतरत नाही.

डीपीकडच्या लग्जचं (केबलच्या टोकाला चेपून बसवायच्या तुकड्यांचं) थोडक्यात: बसबार तांब्याचा असेल तर बायमेटॅलिक लग, योग्य साईजची डाय आणि हायड्रॉलिक क्रिम्पिंग. हातोडीनं चेपलेला लग उन्हाळ्यात सगळ्यात आधी जळतो.

न्यूट्रल सुटला तर काय होतं

उघड्या लाईनवर न्यूट्रल तुटला तर निदान लोंबकळताना दिसतो. इथं मेसेंजर क्लॅम्पमध्ये टांगलेला दिसतो पण त्याचा जोड आतून सुटलेला असू शकतो. मग तीन फेजवरची घरं एकमेकांशी सिरीजमध्ये येतात, ज्या फेजवर लोड कमी त्या घरात व्होल्टेज २३० वरून ३५०, ३८० कडं जातं आणि पंखे, टीव्ही, चार्जर एका मिनिटात जळतात. गरीब घराचा फ्रिज असा जातो तेव्हा भरपाईला कुणी येत नाही. उघडा मेसेंजर असेल तर तोच त्या वेळी जिवंत होतो, म्हणून न्यूट्रल आहे, काही होत नाही असं समजून त्याला हात लावू नका.

म्हणून मेसेंजर शक्य तिथं कापूच नका, डेड एंडमधून तसाच पुढं न्या. कापावा लागलाच तर पूर्ण ताण सोसणारं कॉम्प्रेशन स्लीव्ह, आणि स्पॅनच्या मध्ये कधीच नाही. डीपीला न्यूट्रलचं अर्थिंग दोन वेगवेगळ्या ठिकाणी असलंच पाहिजे, आणि शेवटच्या पोलावरही एक करा. मेसेंजर फेजपेक्षा बारीक असतो हे विसरू नका, सगळी घरं एकाच फेजवर गेली तर न्यूट्रल गरम होतो. घरं फेजवर वाटताना नुसती संख्या मोजू नका, कुणाकडं एसी आहे, कुणाकडं पाण्याची मोटर आहे ते बघून वाटा.

चालू करताना

आधी मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर. प्रत्येक फेज दुसऱ्या फेजशी, प्रत्येक फेज मेसेंजरशी, सगळ्या सर्व्हिस जोडण्याच्या आधी, म्हणजे घरातला बल्ब मध्ये येत नाही. एखादा फेज कमी दाखवत असेल तर उद्या बघू म्हणून सोडू नका, सेक्शन उघडून शोधा, कारण केबलमधला फॉल्ट खालून बघून सापडत नाही.

मग लाईन चालू करा आणि शेवटच्या पोलावर फेज-न्यूट्रल मोजा, २३० च्या आसपास हवं. तिन्ही फेज-न्यूट्रल जुळले की फेज-फेज मोजा. कुठं न्यूट्रलच्या जागी फेज लागला असेल तर तो इथंच सापडतो, घरात ४०० व्होल्ट जाऊन नाही. काम सुरू करण्याआधी जुन्या लाईनवर फेज सिक्वेन्स लिहून ठेवला असेल तर आता तोच आहे का बघा. गिरणी, बोअरच्या सबमर्सिबल मोटरी, लेथ मशीन उलटी फिरली की लोकांचं नुकसान होतं, सबमर्सिबल तर उलटी फिरतेय हे कळतही नाही, फक्त पाणी कमी येतं आणि माणूस बोअर आटलं म्हणून बसतो.

झाडं, वादळ, आकडे

उसाच्या पट्ट्यात उघड्या तारा सैल झाल्या की वाऱ्यानं एकमेकींना लागतात, ठिणगी पडते आणि तोडणीला आलेला ऊस जळतो. एबी केबलमध्ये ही ठिणगीच पडत नाही, शेतकऱ्याच्या दृष्टीनं याहून मोठा फायदा नाही. जिथं केबलला पैसे नाहीत तिथं निदान तारांमध्ये स्पेसर तरी बसवून घ्या.

फांद्या लागल्या तरी केबल ट्रिप होत नाही, म्हणून झाडं छाटायचं बंद करू नका. जाड फांदी रोज घासली तर आवरण झिजतं. माडाची झावळी तर वजनानं येऊन आदळते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगड-रत्नागिरीकडं लाईनी कशा झोपल्या ते सगळ्यांनी बघितलंय. वादळात एबी केबल उघड्या तारेसारखी पटकन तुटत नाही, पण झाड पडलं की ती पोलाला घेऊन खाली येते. आणि उघडी तार पडली की कधीकधी शॉर्ट होऊन फ्यूज तरी जातो, केबल मात्र आवरण शाबूत असल्यामुळं जमिनीवर पडूनही चालूच असते, आवाज नाही, ठिणगी नाही. गावात हे सगळ्यांना सांगा, मुलांना तर नक्की. पडलेल्या काळ्या केबलजवळ जायचं नाही, १९१२ ला फोन करायचा.

आकडा टाकता येत नाही म्हणून काही जण केबलला खिळा किंवा सुई टोचून वीज घेतात. वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली तो गुन्हा आहे हे आहेच, पण त्या भोकातून पाणी शिरून पूर्ण गल्लीची केबल जळते, म्हणजे शेजाऱ्याचंच नुकसान. केबलवर डिशच्या वायरी, इंटरनेटची फायबर, बॅनर, पताका काही बांधू देऊ नका.

लाईन चालू झाल्यावर महिन्याभरानं, लोड जास्त असतो त्या संध्याकाळच्या वेळी परत जा. टाँग टेस्टरनं (तारेभोवती अडकवून करंट मोजायच्या मीटरनं) डीपीवर तिन्ही फेज आणि न्यूट्रलचा करंट घ्या. न्यूट्रलचा करंट फेजच्या जवळपास आला असेल तर दोन-चार घरं दुसऱ्या फेजवर हलवा. थर्मल कॅमेरा मिळाला तर कनेक्टर बघून घ्या, नाहीतर अंधारात खालून दुर्बिणीनं बघा, लालसर दिसणारा किंवा बारीक चरचर आवाज करणारा कनेक्टर दुसऱ्या दिवशी शटडाऊन घेऊन बदला. आणि लाईनचा एक हातानं काढलेला नकाशा, कुठल्या पोलावर कुठला जोड, कुठं अर्थिंग, कुठल्या घराला कुठला फेज, हे सगळं लिहून एक प्रत शाखेत द्या आणि एक प्लास्टिकमध्ये घालून डीपीच्या बॉक्सच्या दाराला आतून चिकटवा, रात्री पावसात फॉल्ट शोधायला येणारा लाईनमन सगळ्यात आधी तेच दार उघडतो.